शाळेची जागा, गावाची रचना आणि मुलांची हालचाल : ग्रामीण विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन शाळेसाठी जागा ठरते, कमी पटाची शाळा बंद होऊन मुले शेजारच्या गावी जाऊ लागतात, गावात सिमेंटचे रस्ते होतात. अशा वेळी मुलांच्या चालण्या-खेळण्याचा विषय सहसा कोणी काढत नाही. पुढे मात्र मुले मोबाइल सोडत नाहीत, अशी तक्रार सगळेच करतात. खालील प्रश्न पालक, शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य आणि ग्रामपंचायत सदस्य वेगवेगळ्या निमित्तांनी विचारतात. उत्तरे देताना विदर्भातील जमीन, हवामान आणि वस्त्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत.

मुलांना दिवसाला किती हालचाल लागते?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल हवी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारी हालचाल, म्हणजे उड्या, धावणे, चढणे, हवे. मध्यम हालचालीत श्वास वाढतो, पण बोलता येते. जोरकस हालचालीत दोन-चार शब्दांपलीकडे बोलवत नाही. संघटनेच्याच अंदाजाप्रमाणे २०१६ मध्ये जगातील ११ ते १७ वयोगटातील ८१ टक्के मुले या प्रमाणापर्यंत पोहोचत नव्हती.

याचा शाळेच्या जागेशी काय संबंध?

संबंध सरळ हिशेबाचा आहे. रमतगमत नव्हे, पण नेहमीच्या चालीने चालणाऱ्या मुलाला एक किलोमीटरला साधारण १२ ते १५ मिनिटे लागतात. शाळा घरापासून एक किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन २५ ते ३० मिनिटे होतात आणि दिवसाच्या गरजेचा जवळपास निम्मा वाटा शाळेच्या वाटेवरच पुरा होतो. त्यासाठी वेगळा तास, शिक्षक, साहित्य किंवा कोणाचा आग्रह लागत नाही. हीच शाळा सहा किलोमीटरवर गेली, तर मूल ऑटोत किंवा बसमध्ये बसते आणि तो निम्मा वाटा शून्य होतो.

मूल शाळेत चालत जाईल की नाही, हे ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये अंतर सर्वांत वजनदार ठरते, असे वेगवेगळ्या देशांतील अभ्यासांत पुनःपुन्हा दिसून आले आहे. त्यानंतर वाहनांची भीती, वाटेची अवस्था आणि सोबत कोण आहे, या गोष्टी येतात. मुलाची आवड-निवड किंवा पालकांचा आळस यांना आपण जेवढे महत्त्व देतो, तेवढे ते नाही. जमिनीचा निर्णय एकदा झाला की पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांतील मुलांच्या पिढ्यांची सवय त्याच्यासोबत ठरून जाते.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शेजारच्या शाळेचे तत्त्व मान्य केले आणि महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर ही मर्यादा घातली. ही अंतरे शिक्षणाच्या हक्कासाठी ठरली. पण ती मुलांच्या पायांनाही मानवणारी आहेत, हे लक्षात घ्यावे.

खेड्यातील मुले तशीही दिवसभर हिंडतात. त्यांना हा प्रश्न कशाला?

हे गृहीत धरणे आता धोक्याचे आहे. गुरे कमी झाली, आखरावर गुरे नेऊन सोडण्याचे काम मुलांकडे उरले नाही, पाणी नळाला येते आणि विहिरीवरच्या खेपा थांबल्या. त्यात कष्ट वाचले, याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. पण त्याच काळात तालुक्याच्या ठिकाणी कॉन्व्हेंट निघाल्या आणि गावातील बरीच मुले सकाळी व्हॅनमध्ये बसून दुपारनंतर व्हॅनमधूनच उतरू लागली. व्हॅनमधून उतरलेले मूल शिकवणीला जाते. शिकवणीवरून आल्यावर अंधार पडलेला असतो. त्याची हालचाल गेली, त्यापेक्षा त्याचा वेळ गेला असे म्हणणे अधिक बरोबर होईल.

शेतातील काम ही भरपाई समजू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत पाठ वाकवून ओटी भरणारे मूल थकते, यात शंका नाही. पण त्यातून त्याची शाळा बुडते आणि धावणे, उड्या मारणे यांची जागा ते काम घेत नाही.

गावाबाहेर फाट्यावर शाळेसाठी जागा दान मिळत आहे. ती घ्यावी का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा “सहसा घेऊ नये” असे आहे.

फाट्यावरची जागा का पुढे येते, हे समजण्यासारखे आहे. गावठाणात मोकळी जागा नसते. असली तर वाद असतो. फाट्यावर एस.टी. थांबते, शिक्षकांना तालुक्याहून येणे-जाणे सोपे जाते, बांधकामाचे साहित्य सहज उतरवता येते आणि दात्याच्या उरलेल्या शेताचा भावही वाढतो. या यादीत मुलांचा फायदा कुठेच नाही. गाव फाट्यापासून दीड-दोन किलोमीटर आत असेल, तर पहिली-दुसरीतील मूल ते अंतर एकटे चालणार नाही. घरचे कोणी दुचाकीवर सोडायला येईल. काही दिवसांनी तीच दुचाकी शेजारच्या दोन मुलांनाही घेऊन जाईल आणि एका सत्रात चालणारी मुले बोटांवर मोजण्याइतकी राहतील. संध्याकाळी शाळेचे मैदान रिकामे पडेल, कारण खेळण्यासाठी एवढ्या लांब कोणी जात नाही. हे दुसरे नुकसान पहिल्याहून मोठे असते आणि जागा ठरवताना ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

महामार्गाला लागून असलेल्या जागेत आणखी एक अडचण आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावर किंवा वणी, घुग्घूस, उमरेड या कोळसा पट्ट्यातील रस्त्यांवर जड वाहनांची रांग दिवसभर तुटत नाही. ज्या रस्त्यावर चालणारे लोक आणि वाहने एकत्र असतात, तेथे ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेग नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. महामार्गावर हे पाळले जाणे शक्य नाही. मग पालक मुलाला पायी पाठवत नाहीत आणि त्यांचे ते बरोबरच असते.

अमेरिकेत हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. तेथे शाळेला किती एकर जमीन हवी, याचे मानक अनेक दशके रूढ होते : प्राथमिक शाळेला १० एकर आणि शिवाय दर १०० विद्यार्थ्यांमागे एक एकर. वस्तीत एवढी जमीन मिळेना, म्हणून शाळा वस्तीबाहेर गेल्या. १९६९ मध्ये तेथील ५ ते १४ वयाची सुमारे ४८ टक्के मुले पायी किंवा सायकलने शाळेत जात. २००९ मध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांवर आले होते. घसरणीला मोटारी आणि बदललेले कामाचे तास अशी इतरही कारणे होती, पण लांब गेलेल्या शाळा हे त्यातील मोठे कारण. ते एकराचे मानक २००४ मध्ये मागे घेतले गेले. आपल्याकडे मोटारी कमी आहेत म्हणून आपण या वाटेने जाणार नाही, अशा भ्रमात राहू नये. दुचाकी तेच काम करते.

एखाद्या ठिकाणी दोन-तीन गावांच्या मध्ये फाटा असतो आणि तिन्ही गावांना तो जवळपास सारखाच पडतो. तेथे माध्यमिक शाळेसाठी ही जागा योग्य ठरू शकते, मात्र इमारत महामार्गापासून आत आणि प्रवेशद्वार गावाच्या बाजूला असावे. चौथीपर्यंतची शाळा गावातच ठेवावी.

मैदानाला मोठी जागा लागते ना? गावात ती कुठून आणायची?

लागते तेवढी मोठी लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आवश्यक सांगितले आहे. त्याचे क्षेत्रफळ दिलेले नाही. खो-खोचे अधिकृत मैदान २७ मीटर बाय १६ मीटर, म्हणजे सातबाराच्या भाषेत साडेचार आरच्याही (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर) आत. भोवतीची मोकळी जागा धरली तरी सहा आर पुरतात. कबड्डीचे मोठे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते. ते दीड आरात बसते. लंगडी, आट्यापाट्या, लगोरी यांना याहून जास्त काही नको.

क्रिकेटला मात्र मोठे मैदान लागते आणि त्यात बहुतेक मुले बहुतेक वेळ उभी असतात. गावोगावी मैदान मागताना मनात क्रिकेट असते, हे या अडचणीचे अर्धे मूळ आहे. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे देशी खेळ दाखवले, त्या प्रदेशाने लहान जागेतल्या खेळांना दुय्यम मानावे, हे काही पटत नाही.

शाळा आधीच महामार्गावर आहे. आता काय करता येईल?

सर्वांत आधी कुंपणाची भिंत पाहावी. कित्येक शाळांचे एकमेव फाटक डांबरी रस्त्याकडे असते आणि गाव शाळेच्या पाठीमागे असते. मूल घरून निघते, भिंतीपर्यंत येते, मग भिंतीला वळसा घालून ट्रकच्या कडेने फाटकापर्यंत जाते. मागच्या भिंतीत चार फुटांचे दुसरे फाटक काढले की वाट कमी होते आणि महामार्ग टळतो. एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारे दुसरे काम सुचवता येणार नाही.

त्यानंतर वाटेचा क्रम येतो : ओलांडण्याची जागा एकच आणि ठळक असावी, तेथे गतिरोधक व फलक असावेत, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी कोणीतरी उभे राहावे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्यास गतिरोधकाची मागणी महामार्ग यंत्रणेकडे लेखी करावी लागते. ग्रामपंचायतीने परस्पर टाकलेला मातीचा उंचवटा रात्रीच्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.

पावसाळ्यात पांदण (शेतांतून जाणारी कच्ची वाट) बंद होते. मुलांनी जायचे कसे?

काळ्या मातीच्या पट्ट्यात, म्हणजे यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा या भागांत, हाच खरा अडथळा आहे; अंतर नंतर येते. पावसाने भिजलेली पांदण चालण्यास कठीण आणि सायकलला तर अशक्य असते. माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरते, चाक फिरेनासे होते, मूल उतरून काडीने माती उकरते, दहा पावले जाते आणि पुन्हा उतरते. शेवटी सायकल खांद्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्याने (शेताच्या बांधाबांधाने) चालत शाळा गाठणारी मुले या भागात नवीन नाहीत. दोन वेळा असे झाले की तिसऱ्या वेळी मूल घरी राहते किंवा ऑटोचे पैसे मोजले जातात, आणि पावसाळ्यात लागलेली ऑटोची सवय दिवाळीनंतर सुटत नाही.

म्हणून पांदण रस्त्यांच्या योजनांत प्राधान्यक्रम लावताना शेतमालाच्या वाहतुकीसोबत एक निकष शाळेचा असावा : या पांदणीने किती मुले जातात? संपूर्ण रुंदीला खडीकरण शक्य नसेल, तर एका कडेने मुरमाची माणूसभर रुंद, थोडी उंच पट्टी करावी आणि पाण्याला बाजूने नाली द्यावी. नाल्यावरचा रपटा पाण्याखाली जात असल्यास त्याची उंची वाढवणे हे शाळेचेच काम समजावे. तुरीचे पीक वाढले की पांदण दोन्ही बाजूंनी झाकली जाते आणि मुली त्या वाटेने एकट्या जाण्यास कचरतात. वाटेकडची दोन-तीन ओळींची जागा कमी उंचीच्या पिकाला देण्यास शेजारचे शेतकरी बहुधा तयार होतात, मात्र त्यांना पेरणीआधी विचारावे लागते.

पूर्व विदर्भातील धानपट्ट्यात वाट बांध्यांच्या धुऱ्यांवरून जाते. रोवणीच्या दिवसांत ती घसरडी असते आणि भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीला पूर आला की वाटच उरत नाही. तेथे पायी जाण्याचा आग्रह धरणे योग्य नाही.

सायकलचा कितपत उपयोग होतो?

पुष्कळ होतो, विशेषतः दोन ते पाच किलोमीटरच्या अंतरात. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार तिच्यामुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम अधिक दिसला. तो अभ्यास शिक्षणाचा होता, व्यायामाचा नव्हता, पण रोज सहा-आठ किलोमीटर सायकल चालवणाऱ्या मुलीची दिवसाची हालचाल त्यात आपसूक होते. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही सायकलींसोबत मुलींनी गटाने सायकलने किंवा पायी जाण्याच्या व्यवस्थेची शिफारस आहे.

सायकल दिली आणि दुरुस्तीची सोय नसली, तर पहिल्या पंक्चरनंतर ती घराच्या पडवीत उभी राहते. शाळेत एक हवेचा पंप आणि पंक्चर काढण्याचे साहित्य ठेवावे. सायकली सावलीत लावता येतील असे शेडही हवे.

नववी-दहावीतील मुले दुचाकी चालवत शाळेत येतात. हे थांबवावे का?

होय. गिअर नसलेली ५० सी.सी.पर्यंतची गाडी १६ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि इतर दुचाकी १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच परवान्याने चालवता येते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमच्या भागात वाघ-बिबट्याची भीती आहे. मुलांना पायी कसे पाठवणार?

ताडोबाच्या भोवतालच्या गावांत, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या तालुक्यांत किंवा गडचिरोलीच्या जंगलालगत ही भीती खरी आहे आणि तिला घाबरटपणा म्हणणे चुकीचे ठरेल. जंगलातून जाणाऱ्या वाटेवर पायी जाण्याचा पुरस्कार करू नये. वाहनाची सोय मागावी आणि हालचालीचा वाटा शाळेच्या आवारात भरून काढावा. जेथे वाट जंगलातून नसून गाव आणि शाळा यांच्यामधील झुडपांतून जाते, तेथे दोन्ही बाजूंची झुडपे साफ करणे, मुलांनी मोठ्या माणसासोबत घोळक्याने जाणे, हिवाळ्यात उजाडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर जाणे-येणे होणार नाही अशी शाळेची वेळ ठेवणे, या गोष्टी वन विभागाच्या प्राथमिक प्रतिसाद दलाशी बोलून ठरवाव्यात.

पट कमी म्हणून आमची शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्याचे चालले आहे. याचा हालचालीवर परिणाम होईल का?

होईल. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागवले गेले, तेव्हा चर्चा शिक्षकसंख्या, खर्च आणि गुणवत्ता यांभोवती फिरली. मोठ्या शाळेत खेळाचे शिक्षक, साहित्य आणि खेळायला पुरेशी मुले मिळतात, ही बाजू खोटी नाही; पाच मुलांच्या शाळेत खो-खोचा एक संघही होत नाही. पण टोलीवरच्या (गावापासून सुट्या लहान वस्तीवरच्या) सहा वर्षांच्या मुलाची रोजची वाट त्या बदल्यात वाहनात जाते. गोंदिया, गडचिरोलीतील विखुरलेल्या टोल्यांवर तर वाहन वेळेवर येईलच, याची खात्री नसते. विलीनीकरणाला ठराव देताना ग्रामसभेने तीन गोष्टी लेखी मागाव्यात : प्रत्यक्ष वाटेने मोजलेले अंतर (नकाशावरचे सरळ रेषेचे नव्हे), वाहनाची हमी आणि रिकाम्या होणाऱ्या शाळेचे आवार गावाच्या मुलांना खेळण्यासाठी खुले ठेवण्याचे आश्वासन. तिसरी गोष्ट सहसा मागितलीच जात नाही आणि मग त्या आवारात कोणाचे तरी कुटार (गुरांचा सुका चारा) साठवले जाते.

शाळा सुटल्यावर खेळायला गावात जागा कशी ठेवावी?

घराच्या उंबरठ्यावरून मूल दिसेल, अशी छोटी मोकळी जागा सर्वांत जास्त वापरली जाते. मेळघाटातील कोरकू गावांत समोरासमोर घरांच्या दोन ओळी आणि मध्ये रुंद रस्ता असतो. त्या रस्त्यावर लहान मुले दिवसभर खेळतात आणि कोणा ना कोणाची नजर त्यांच्यावर असते. जुन्या गावठाणात हे काम देवळापुढचा पार करीत असे. आता गल्ल्यांत सिमेंटचे रस्ते झाले, चिखल गेला, पण दुचाकी वेगाने जाऊ लागली. सिमेंट रस्ता करतानाच गल्लीच्या तोंडाशी व मध्ये गतिरोधक ठेवावेत.

मोठ्या जागेसाठी गावची ई-क्लास जमीन (सरकारी गायरान) पाहिली जाते. तिच्यावर अतिक्रमण होण्याआधी क्रीडांगणाची मागणी ठरावाने नोंदवून ठेवावी. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत मात्र पुष्कळ मोकळ्या जमिनीची नोंद झुडपी जंगल अशी असते आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती वनजमीन ठरवली आहे. त्यामुळे तेथे परवानगीशिवाय मैदान करता येत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार शाळा, रस्ते, समाजमंदिर अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळू शकते. त्या यादीत मैदान स्वतंत्रपणे नाही, म्हणून प्रस्ताव शाळेचा करावा लागतो.

शाळेचे मैदान संध्याकाळी कुलूपबंद ठेवण्याची पद्धत सोडता आली, तर नवीन जागेची गरज पुष्कळ ठिकाणी पडणारच नाही. तोडफोडीची भीती असल्यास इमारतीला वेगळे जाळीचे दार करावे आणि मैदानाचे फाटक उघडे ठेवावे.

मुली सातवीनंतर मैदानावर दिसत नाहीत. याला रचना कारणीभूत आहे का?

बऱ्याच अंशी आहे. मैदान गावाच्या टोकाला, वाटेवर पानठेला, ठेल्यावर टोळके आणि मैदानावर मोठ्या मुलांचे क्रिकेट, अशी मांडणी असली की मुलींना कोणी मनाई करण्याचीही गरज राहत नाही. मैदान वस्तीच्या कडेला, दोन-चार घरांच्या अंगणातून दिसेल असे असावे; स्वच्छतागृह चालू असावे; आणि मैदानाचा एक भाग किंवा ठरावीक वेळ मुलींसाठी राखून ठेवावी. वेळ राखताना ती स्वयंपाक आणि पाणी भरण्याच्या वेळेवर पडू देऊ नये.

विदर्भातील उन्हात खेळणार कसे?

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, म्हणूनच येथील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. सकाळच्या शाळेच्या दिवसांत खेळाचा तास पहिला घ्यावा, शेवटचा नव्हे. मैदानाच्या पश्चिमेला आणि नैऋत्येला कडुनिंब, करंज लावावेत, म्हणजे दुपारनंतर सावली मैदानावर पडते. आवारात सरसकट सिमेंटचे ठोकळे बसवू नयेत. ते तापतात आणि पडलेल्या मुलाचे गुडघे सोलतात.

आश्रमशाळांचे काय?

तेथील मूल शाळेतच राहते, त्यामुळे चालण्याचा वाटा शून्य असतो आणि सगळी भिस्त आवारावर असते. वसतिगृह, भोजनगृह, वर्ग आणि मैदान यांत थोडे अंतर ठेवणे येथे फायद्याचे ठरते.

मागणी कोणाकडे आणि कशी करावी?

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ व २२ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे काम आहे. दुसरे फाटक, कुंपण, झाडे, सायकल शेड ही कामे त्या आराखड्यात लिहावीत. पांदण, रपटा, गतिरोधक आणि क्रीडांगण ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात जातात. रोजगार हमीच्या कामांतही क्रीडांगणांचा समावेश राहिला आहे.

ग्रामसभेत जाण्यापूर्वी एका दिवसाची मोजणी सोबत असावी. शाळेच्या फाटकावर एक शिक्षक व एक पालक उभे राहून कोणते मूल पायी, सायकलने, दुचाकीवर मागे बसून, ऑटोने किंवा बसने आले, ते इयत्तेनुसार लिहितात; नंतर पायी न येणाऱ्या, पण दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या घरी कारण विचारतात. ही मोजणी एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीत करावी. दोन्ही याद्यांतील फरक हा बहुतेक चिखलाचा असतो आणि कोणती पांदण आधी घ्यायची, हे त्यावरून ठरवता येते.